बेने इस्राएलांचा मासारंभ : रोश होदेश

भोपाळात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना एक अडचण दरवर्षी येते आणि सवयीमुळे ती आता कोणी बोलूनही दाखवीत नाही. शेजारच्या घरी सावन सुरू होतो, देवळांत सोमवारची गर्दी वाढते, आणि आपल्या घरी मात्र अजून आषाढच चालू असतो. सन २०२५ मध्ये इकडचा सावन ११ जुलैला लागला. आपला श्रावण लागला २५ जुलैला. इकडील पंचांग पूर्णिमेला महिना संपविते, आपले पंचांग अमावास्येला संपविते, एवढेच त्याचे कारण. वद्य पक्षात महिन्याचे नाव निराळे पडते, शुद्ध पक्षात दोघे एक होतात. जवाहर चौकातील मराठी घरात भिंतीवर दोन दिनदर्शिका टांगलेल्या दिसल्या तर त्यात नवल नाही. एक बाजारासाठी, दुसरी व्रतवैकल्यांसाठी. त्यात ईदच्या चंद्राची वाट पाहणारे शेजारी धरले म्हणजे एका गल्लीत तीन तऱ्हेचे महिने नांदतात.

त्याच २५ जुलै २०२५ ला, म्हणजे आपला श्रावण लागला त्या दिवशी, सूर्यास्ताला आणखी एक महिना सुरू झाला. त्याचे नाव आब. तो पाळणारे लोक मराठीच बोलतात, त्यांची आडनावे किहीमकर, पेणकर, राजपूरकर, दिवेकर अशी आहेत, आणि त्या महिन्याचे पहिले नऊ दिवस तेही मांसाहार वर्ज्य करतात. हे लोक म्हणजे कोकणातील यहुदी, बेने इस्राएल. त्यांच्या मासारंभाच्या दिवसाला इब्री भाषेत रोश होदेश म्हणतात. आपल्या ट्रस्टच्या या स्मरणिकेत हा विषय घेण्याचे कारण एवढेच की, घरापासून दूर राहून आपल्या महिन्याचा हिशेब न चुकू देणे हे काम या लहानशा समाजाने आपल्यापेक्षा कितीतरी अधिक काळ आणि कितीतरी अधिक अडचणीत केले आहे.

बेने इस्राएल या नावाचा अर्थ इस्राएलाची मुले. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ते कधी आले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत; दोन हजार वर्षांपूर्वी असे परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत हे लोक पसरले, तेलाचा घाणा चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. ग्रंथ हरवले होते, इब्री भाषा विसरली होती. उरले काय? शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती. मुलाची आठव्या दिवशी सुंता. खाण्यापिण्याचे काही नियम. काही सण व उपास. आणि ‘शमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना, जी ते जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हणत. विचार करून पाहावा: ज्या समाजाजवळ पोथी नाही, पुरोहित नाही, आपल्या धर्माचे दुसरे माणूस आसपास नाही, त्याचे सण योग्य वेळी कसे येणार? उत्तर एकच. आकाशात चंद्र होता.

यहुदी महिना आपल्याप्रमाणेच चांद्र व अमान्त आहे. अमावास्या सरून कोर दिसू लागण्याच्या सुमारास तो सुरू होतो. ‘होदेश’ या शब्दाचा अर्थ महिना, आणि त्याच धातूपासून झालेल्या ‘हादाश’ या शब्दाचा अर्थ नवा. ‘रोश’ म्हणजे मस्तक किंवा आरंभ. महिना म्हणजेच नवेपण, असा त्या शब्दाचा भाव. दिवस त्यांच्याकडे सूर्यास्तापासून मोजतात, म्हणून रोश होदेशही आदल्या संध्याकाळीच लागतो. महिना कधी एकोणतीस दिवसांचा, कधी तीस दिवसांचा. मागचा महिना एकोणतीस दिवसांचा असेल तर रोश होदेश एकच दिवस पाळतात. तीस दिवसांचा असेल तर तो तिसावा दिवस आणि नव्या महिन्याचा पहिला दिवस असे दोन दिवस पाळतात. म्हणजे दोन दिवसांच्या रोश होदेशाचा पहिला दिवस हिशेबाने मागच्याच महिन्यात मोडतो. नवख्याला हे चमत्कारिक वाटते. परंतु तिथीचा क्षय आणि वृद्धी पाहणाऱ्या मराठी वाचकाला ते समजावून सांगण्याची गरज पडू नये.

यहुदी धर्मग्रंथात, इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यातून सुटण्याच्या प्रसंगी, सबंध समाजाला मिळालेली पहिली आज्ञा कोणती? हा महिना तुमच्या महिन्यांतला पहिला असे समजा, ही. आधी वेळेवर सत्ता, मग बाकीचे. गुलामाचा वेळ धन्याचा असतो. ज्याने आपला महिना स्वतः ठरविला तो स्वतंत्र झाला, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी या आज्ञेतून काढला आहे आणि तो मला फार पटतो. तो महिना म्हणजे निसान, वसंताचा महिना. सन २०२५ मध्ये निसानचा पहिला दिवस ३० मार्चला आला. त्याच दिवशी आपल्या दारी गुढ्या उभ्या होत्या.

यरुशलेमचे मंदिर उभे होते त्या काळी मासारंभाला चांदीची शिंगे फुंकीत आणि विशेष बली अर्पण करीत: दोन गोऱ्हे, एक एडका, सात कोकरे व पापक्षालनासाठी एक बोकड. लोक त्या दिवशी साधुसंतांच्या भेटीला जात. शुनेम गावची एक बाई अलीशा संदेष्ट्याकडे निघाली तेव्हा तिचा नवरा तिला विचारतो की आज ना नवचंद्र, ना शब्बाथ, मग आजच का चाललीस? घरगुती प्रश्न आहे. परंतु त्यावरून त्या काळची रीत कळते.

आता महिना लागला हे ठरवावयाचे कोणी? या प्रश्नाभोवती यहुदी परंपरेत मोठा सुरस इतिहास आहे. पूर्वी गणितावर महिना ठरत नसे. ज्यांनी कोर प्रत्यक्ष पाहिली त्यांनी यरुशलेमला येऊन न्यायसभेपुढे साक्ष द्यावयाची. एरवी शब्बाथच्या दिवशी प्रवास निषिद्ध. पण ही साक्ष देण्यासाठी तो नियमही बाजूला ठेवीत. शहरात बेथ याझेक नावाचे मोठे अंगण होते, तेथे साक्षीदारांना बसवून भरपूर जेवू घालीत, हेतू हा की पुढच्या वेळी त्यांनी येण्याचा कंटाळा करू नये. ही व्यवहारदृष्टी मोठी कौतुकाची आहे. मग एकेकाला आत बोलावून विचारीत: कोर सूर्याच्या उजवीकडे होती की डावीकडे? किती उंच? टोके कोणत्या बाजूला? मंदिराच्या नाशानंतरच्या काळात रब्बान गमलिएल या प्रमुखाने चंद्राच्या आकृत्या एका फळ्यावर काढून भिंतीला लावल्या होत्या. साध्या माणसाला त्या दाखवून तो विचारी, असा पाहिलास की तसा? साक्ष पटली म्हणजे सभेचा प्रमुख महिना पवित्र झाल्याचे जाहीर करी आणि जमलेले लोक तोच शब्द दोनदा उच्चारून दुजोरा देत.

त्यानंतर बातमी पोचविण्याचे काम. जैतुनाच्या डोंगरावर मशाल पेटवीत, ती हलवीत राहत, जोवर पुढच्या डोंगरावरची मशाल हलताना दिसत नाही तोवर. अशी डोंगरामागून डोंगर ही वार्ता बाबेलच्या यहुद्यांपर्यंत जाई. पुढे शोमरोनी लोकांनी, ज्यांचे यहुद्यांशी वैर होते, भलत्याच रात्री मशाली पेटवून घोटाळा केला. तेव्हा मशाली बंद करून माणसे पाठविण्याची प्रथा पडली. माणूस जितका लांब चालेल तितकीच बातमी जाणार. म्हणून दूरदेशच्या यहुद्यांनी सणाचा एकेक दिवस संशयापोटी दोनदा पाळावयास सुरुवात केली, आणि पुढे गणित पक्के झाल्यावरही इस्राएलबाहेरच्या देशांत ती चाल टिकली. संशय गेला, सण राहिला. कोणत्या समाजात असे झालेले नाही?

याच विषयावर एक प्रसंग त्यांच्या मिश्ना ग्रंथात आहे, तो वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. एकदा दोन साक्षीदारांनी कोर पाहिल्याचे सांगितले, पण दुसऱ्या रात्री चंद्र दिसलाच नाही. गमलिएलने साक्ष मान्य केली होती. रब्बी यहोशुवा हा तेवढाच मोठा पंडित. त्याचे म्हणणे पडले की साक्ष खोटी, महिना चुकला. हा तिश्री महिना होता, आणि त्याच्या दहाव्या दिवशी वर्षातला सर्वांत कडक उपास, योम किप्पूर. गमलिएलने निरोप धाडला: तुझ्या हिशेबाने जो योम किप्पूर येईल त्या दिवशी हातात काठी आणि कनवटीला पैसे घेऊन माझ्याकडे ये. म्हणजे त्याच्या लेखी जो दिवस परमपवित्र त्याच दिवशी त्याने ओझे घेऊन प्रवास करावा. यहोशुवा फार कष्टी झाला. रब्बी अकिवा याने त्याची समजूत काढली की महिना ठरविण्याचा अधिकार सभेला दिलेला आहे, चंद्राला नाही. यहोशुवा काठी आणि पैसे घेऊन गेला. गमलिएल उठून उभा राहिला, त्याच्या मस्तकाचे चुंबन घेतले, आणि म्हणाला की ज्ञानाने तू माझा गुरू आहेस, माझा शब्द मानलास म्हणून माझा शिष्य. गणित कोणाचे बरोबर होते हा प्रश्न ग्रंथकाराने तसाच सोडला आहे. दोन ठिकाणी दोन योम किप्पूर झाले असते तर तो समाज पुढे एक राहता ना, एवढे त्याने ओळखले होते.

परंपरा असे मानते की इ. स. ३५८-५९ च्या सुमारास दुसऱ्या हिल्लेलने साक्षीची पद्धत सोडून गणिताचे पंचांग जाहीर केले. इतिहासकारांच्या मते हे काम बरेच सावकाश, काही शतकांत झाले. या गणितात एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतचा मध्यम काळ २९ दिवस १२ तास आणि ७९३ भाग धरला आहे, तासाचे भाग १०८०. म्हणजे ४४ मिनिटे आणि सुमारे ३.३ सेकंद. आजच्या ज्योतिषशास्त्राने काढलेल्या मध्यम मानाशी तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास जुळतो.

बारा चांद्र महिन्यांचे ३५४ दिवस होतात, सौर वर्षाला अकरा कमी पडतात. मुसलमान बंधू ही तूट भरून काढीत नाहीत, म्हणून त्यांचा रमजान कधी थंडीत येतो कधी उन्हाळ्यात. यहुदी आणि आपण दोघेही अधिक महिना धरतो. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, हा हिशेबही दोघांचा एकच: २३५ महिने. फरक असा की आपला अधिक मास ज्या महिन्यात सूर्याची संक्रांत पडत नाही तो; तो श्रावणात येईल, ज्येष्ठात येईल, नेम नाही. त्यांचा अधिक नेहमी अदार महिन्याचाच, आणि चक्रातील तिसरे, सहावे, आठवे, अकरावे, चौदावे, सतरावे व एकोणिसावे ही वर्षे त्यासाठी नेमलेली. हेतू हा की निसानातला वल्हांडण सण वसंतातच यावा. यामुळे दोन्ही पंचांगे बहुतेक काळ हातात हात घालून चालतात आणि मधूनच एक महिनाभर फटकून पुन्हा जुळतात. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण आला, त्यांचा अधिक अदार मात्र २०२४ च्या फेब्रुवारीत आला. म्हणून २०२३ मध्ये त्यांचे नवे वर्ष १६ सप्टेंबरला, गणेशचतुर्थीच्या तीन दिवस आधीच लागले. आणि २०२४ मध्ये पुन्हा आपली घटस्थापना व त्यांचे नवे वर्ष एकाच दिवशी, ३ ऑक्टोबरला.

या जवळिकीमुळेच कोकणातील बेने इस्राएलांचे जुने सण मराठी नावांनी टिकले. तिश्रीच्या पहिल्या दिवसाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. योम किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दार लावून घेऊन कोणात मिसळावयाचे नाही. तिश्रीतच ‘खिरीचा सण’. आबच्या नवमीला, ज्या दिवशी यरुशलेमच्या मंदिराचा नाश झाला, ‘बिरड्याचा सण’. नऊ दिवस मांसाहार सोडून शेवटी वालाचे बिरडे. अदारच्या पौर्णिमेजवळ येणारा पुरीम हा त्यांचा ‘होळीचा सण’. २०२४ साली पुरीमचा दिवस आणि होळीची रात्र दोन्ही २४ मार्चला आली, तेव्हा हे नाव देणाऱ्या कोणा अज्ञात आजीचे डोके ठिकाणावर होते असेच म्हणावे लागेल. एलूल महिन्यातील उपासांना ते ‘रमजान’ म्हणत, आणि सिनेगॉगला ‘मशीद’. भोपाळकरांना याचे हसू येईल. पण दोन्ही शेजाऱ्यांचे शब्द उचलून आपला हिशेब मात्र आपलाच ठेवणे ही काही लहान गोष्ट नव्हे. एक मात्र गंमत: हनुक्का हा दिव्यांचा सण त्यांना ठाऊक नव्हता. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झाला. त्यापूर्वीच आपले पूर्वज देश सोडून निघाले असावेत असे अनुमान काही जण त्यावरून काढतात.

या विसरलेल्या धर्माला पुन्हा ग्रंथाशी जोडणारा पहिला गुरू म्हणून डेव्हिड रहाबीचे नाव घेतात. त्याने झिराड, शापूर आणि राजपूर या घराण्यांतील तिघांना शिकवून काजी नेमले, आणि त्यांचे वंशज गावोगाव फिरून विधी चालवीत राहिले. त्याच्या काळाविषयीही मतभेद आहेत. काही संशोधक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातील डेव्हिड मानतात. आणि या कोचीनच्या डेव्हिडच्या नावावर जो इब्री ग्रंथ आहे तो, विशेष म्हणजे, पंचांगगणितावरचा आहे. मुंबईत सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधले, आणि पुढील शंभर वर्षांत अलिबाग, रेवदंडा, पनवेल, ठाणे येथेही ती उभी राहिली. जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी इब्री प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली, तेव्हापासून रोश होदेशच्या दिवशी आपण काय म्हणतो हे तेल्याच्या पोरालाही आपल्या भाषेत कळू लागले. हायीम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली या समाजाचा इतिहास लिहिला. वर दिलेली सणांची नावे टिपून ठेवण्याचे मोठे काम त्यात झाले आहे.

आता प्रत्यक्ष विधी. महिना लागण्यापूर्वीच्या शनिवारी सकाळच्या प्रार्थनेत तोऱ्याचे वाचन झाल्यावर हझान, म्हणजे प्रार्थना चालविणारा, येत्या महिन्याचे नाव आणि वार जाहीर करतो, आणि सर्वजण तो महिना आरोग्याचा, उपजीविकेचा, सुवार्तेचा जावो अशी याचना करतात. आता तारखा छापील दिनदर्शिकेत मिळतात, कोणाला अडत नाही. तरी घोषणा होते. न्यायसभेच्या अंगणातील त्या जाहीर उच्चाराची ती आठवण आहे. फक्त तिश्री महिन्याची घोषणा करीत नाहीत, कारण त्याचा पहिला दिवस म्हणजेच नवे वर्ष.

रोश होदेशच्या संध्याकाळपासून प्रत्येक मुख्य प्रार्थनेत एक जादा परिच्छेद येतो: आमची आणि आमच्या पूर्वजांची आठवण तुझ्यापुढे येवो, या मासारंभाच्या दिवशी आमच्यावर दया कर, असा त्याचा आशय. जेवणानंतरच्या आभारप्रार्थनेतही तो म्हणावयाचा असतो, म्हणून ज्या घरी सिनेगॉग दूर आहे तेथेही ताटावर बसलेल्या मुलांना आज महिना लागला हे कळते. सकाळी ‘हल्लेल’, म्हणजे ११३ ते ११८ या स्तोत्रांचा स्तुतिपाठ, म्हणतात; पण पूर्ण नव्हे, दोन स्तोत्रांचे काही भाग गाळून. पूर्ण हल्लेल मोठ्या सणांसाठी राखून ठेवलेला. त्यानंतर तोऱ्याची गुंडाळी काढून गणना या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील नित्य, शब्बाथ व मासारंभ यांच्या बलींचा भाग वाचतात. चार जणांना वाचनासाठी पुढे बोलावण्याचा मान असतो. मग ‘मुसाफ’ ही जादा प्रार्थना. मंदिर नाही, गोऱ्हे नाहीत, एडका नाही. त्यांच्या जागी शब्द उरले.

हा सुतकाचा किंवा उपासाचा दिवस नव्हे. त्या दिवशी उपास करावयाचा नाही, मृतावर शोकभाषण करावयाचे नाही, घरी जेवणात काही बरे करावे अशी रीत. काही भाविक आदल्या दिवशी उपास करतात, मागील महिन्याचे झाडूनपुसून घेतल्यासारखा. पुरुषांना कामधंद्याची बंदी नाही. बायकांची गोष्ट निराळी.

रोश होदेश हा स्त्रियांचा दिवस मानला आहे. शिवणे, विणणे, कपडे धुणे असली कामे त्यांनी त्या दिवशी बाजूला ठेवावी असा जुना प्रघात. त्याची कथा अशी: अरण्यात सोन्याचे वासरू करण्यासाठी पुरुष दागिने मागू लागले तेव्हा बायकांनी कानातले काढून देण्यास साफ नकार दिला, पुरुषांनी मग स्वतःच्या कानांतले दिले. त्या नकाराचे बक्षीस म्हणून दरमहा हा एक दिवस. सोने न देणाऱ्या बायकांचे कौतुक धर्मग्रंथाच्या परंपरेत झालेले क्वचितच आढळते. दरमहा एक दिवस चूल नव्हे तरी सुईदोरा बंद, ही सोय आमच्या भगिनींना नक्कीच पटेल. आमच्याकडे सण म्हटला की त्यांचे काम दुप्पट होते. १९८८ पासून यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी काही यहुदी स्त्रिया स्वतः तोरा घेऊन सामुदायिक प्रार्थना करण्याचा हक्क मागत आहेत, त्यांनीही त्यासाठी रोश होदेशचाच दिवस निवडला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

रोश होदेशच्या दिवशी चंद्र जवळपास दिसतच नाही, म्हणून त्याचे दर्शन हा वेगळा विधी ठेवला आहे. महिन्याचे काही दिवस गेल्यावर, अनेकांच्या चालीप्रमाणे सात दिवसांनंतर, आणि पौर्णिमेच्या आत, शक्यतो शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर, प्रार्थनेहून बाहेर पडलेली मंडळी उघड्या आकाशाखाली उभी राहतात आणि चंद्राला नव्हे, चंद्र नवा करणाऱ्या ईश्वराला धन्यवाद देतात. हा भेद ते फार काटेकोर पाळतात. नंतर जवळच्या तीन माणसांना ‘शालोम अलेखेम’ म्हणून अभिवादन. आपल्याकडे बिजेची कोर दिसली की जुन्या बायका पदराची दशी काढून चंद्राला वाहतात. भाव वेगळा, पण दिवेलागणीनंतर मान वर करून कोर शोधणारी ती मुद्रा अगदी सारखी.

वरील विधींपैकी बराचसा एकट्याने घरी होऊ शकतो. तोऱ्याचे सामुदायिक वाचन मात्र नाही. त्याला ‘मिन्यान’ लागतो, म्हणजे जुन्या नियमाप्रमाणे तेरा वर्षांवरील दहा पुरुष. येथे आजची अडचण सुरू होते. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य माणसे हळूहळू इस्राएलला गेली. एकेकाळी भारतात सुमारे वीस हजार असलेला हा समाज आता येथे चार-पाच हजारांवर आला आहे, आणि तोही मुख्यत्वे मुंबई-ठाण्याकडे. कोकणातील सिनेगॉगे राखणारी मोजकी कुटुंबे आहेत. रंगरंगोटी होते, दिवा लागतो, पण महिन्याच्या मधल्या एखाद्या मंगळवारी सकाळी रोश होदेश आला तर दहा माणसे जमविणे कठीण. अशा वेळी गुंडाळी कपाटातच राहते आणि जमलेले चौघे-पाचजण आपापली प्रार्थना म्हणतात. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याने इतर सोयी होतील. दहावा माणूस मिळणार नाही.

मासारंभ रविवारी येणार असेल तर आदल्या शनिवारी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील एक कथा वाचण्याची रीत आहे. उद्या नवचंद्र आहे, शौल राजाच्या पंक्तीला बसावयाचे आहे, आणि राजा आपला जीव घेईल अशी दावीदाला धास्ती. तो रानात लपतो. पंक्तीत त्याची जागा रिकामी दिसते. पहिल्या दिवशी राजा काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी विचारतो. राजपुत्र योनाथान मित्रासाठी बापाचा राग ओढवून घेतो. मासारंभाची पंक्ती आणि तीत मोकळी राहिलेली एक जागा, एवढ्यावर ही कथा उभी आहे.

इस्राएलात गेलेल्या बेने इस्राएलांच्या घरांत वडीलधारी मंडळी अजून मराठी बोलतात, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघते. तेथे रोश होदेश सरकारी दिनदर्शिकेतच छापलेला असतो, दहा माणसांची वाण नाही. आणि इकडे मुंबईत इस्राएल मोहल्ल्याजवळ, दिवेकरांनी सुरू केलेल्या त्या जुन्या सिनेगॉगमुळेच, असे म्हणतात, लोकलच्या स्थानकाला ‘मशीद’ हे नाव पडले. भोपाळहून मुंबईला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी त्या स्थानकावरून जाताना पाटीकडे एकदा पाहावे.